पश्चिमेची कूस

कामिनी सिस्टर जळगावच्या केंद्रात पाऊल ठेवायची आणि चहाच्या खोलीतल्या गप्पा बंद व्हायच्या. तिला आता त्याचं काही वाटत नसे. निदान वाटत नाही असं ती म्हणत असे. पोरी मागे तिला 'सीबीआय' म्हणतात हेही तिला ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सव्वीस वर्षं नर्सिंगमध्ये काढल्यावर पाठीमागचं ऐकू येतंच.

तिच्या कामाला कागदोपत्री मोठं नाव होतं, गुणवत्ता परिचारिका. म्हणजे सुई टोचायची नाही, सलाईन लावायचं नाही. फक्त बघायचं. कोण पडलं, का पडलं. कुणाला ताप आला, नळी किती दिवसांपासून तीच आहे. कुणाच्या पाठीला जखम झाली, त्याची कूस वेळेवर बदलली होती का. आणि मग प्रत्येक वेळी विचारायचं: का? एक उत्तर मिळालं की त्याच्यावर पुन्हा का. या एका शब्दावर तिचा पगार चालत होता, आणि या एका शब्दापायी तिच्याशी धड कुणी बोलत नव्हतं.

घर धुळ्यात. केंद्रं दोन, एक धुळ्यात आणि एक जळगावात, दोन्ही एकाच मालकाची. अंथरुणाला खिळलेली, घरच्यांना घरी सांभाळता न येणारी माणसं तिथे असत. जळगावची पाळी असली की सकाळी एसटी धरायची, पारोळा, एरंडोल करत यायचं, संध्याकाळी तसंच परत. गुडघे कुरकुरत. नवरा म्हणे, सोड आता. ती म्हणे, सोडते. हे संभाषण त्यांच्या घरात भाजीत मीठ असावं इतकं नेमानं होई आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एसटीत असे.

त्या दिवशी तिला जळगावला बोलावून घेतलं होतं. ताजबीच्या डाव्या खुब्यावर बेडसोअर झाला होता, आणि तो साधा नव्हता.

ताजबी सावद्याची. नवरा होता तेव्हा केळीच्या वखारीवर माल भरायला येणारे ट्रकवाले, हमाल, दलाल सगळे तिच्या हातचं जेवून जायचे. घराचं दार म्हणे दिवसा कधी लागलंच नाही. वर्षापूर्वी ओट्यावरून पडली, मणक्याला मार बसला, कमरेखालचं अंग गेलं. हात आणि जीभ मात्र शाबूत. मुलगा हारुन गॅरेज चालवायचा. सून एकटी, लहान लेकरं, उचलणं बसवणं होईना, म्हणून आईला इथे ठेवलं. दर रविवारी यायचा, आईच्या उशाशी बसून मान खाली घालायचा. तिला इथे ठेवल्याची शरम त्याच्या खांद्यांवर दिसायची.

कामिनीनं हातमोजे चढवले आणि जखम पाहिली. वाटीएवढा खड्डा. कडा काळपट. ताजबीला त्या भागात काही जाणवतच नव्हतं, त्यामुळे ती शांतपणे खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि विचारत होती, "कैसा है बेटी? भर गया?"

"भरेल," कामिनी म्हणाली. मनात म्हणाली, असंच चाललं तर हाडापर्यंत जाईल, मग रक्तात विष पसरेल, आणि मग हारुनला फोन करायची वेळ येईल. तो फोन तिनं याआधी इतक्यांच्या घरी केला होता की आता तिला तो करायचा नव्हता. एवढंच. मोठी करुणा वगैरे काही नाही, तो फोन पुन्हा करायची ताकद नव्हती.

उजवा खुबा पाहिला. गुळगुळीत, स्वच्छ. पाठ बरी. म्हणजे ही बाई दिवसभर डाव्या कुशीवरच असते. दर दोन तासांनी कूस बदलायची असा नियम, आणि तो पाळल्याच्या सह्या रोज होत होत्या. सह्या मंदाबाईच्या.

मंदाबाई इथली आया, नरडाण्याकडची. बांध्यानं आडवी, बोलायला फटकळ, आणि सगळ्या आयाबायांमध्ये पेशंटला हात लावायची पद्धत तिची सर्वांत चांगली. कामिनीला ती आवडायची, म्हणून तर जास्त राग आला. तिनं तिला कपडे वाळत घालायच्या गच्चीवर गाठलं.

"मंदाबाई, खरं सांगा. ताजबीला तुम्ही उजव्या कुशीवर वळवत नाही. का?"

मंदाबाईनं चादर झटकली. "ताई, मी फिरावस. पन ती रडस. मंग मी परत फिराई देस."

"का रडते?"

"तिनं तोंड खिडकीकडे पाहिजे. तिकडे त्यासना काबा शे." मंदाबाईनं चादर दोरीवर टाकली. "मरन काय सांगीसन येस का, असं म्हनस ती. पाठ करीसन गऊ तं वर कसं तोंड देखाडू. आते तुम्हीच सांगा, ताई. म्हतारी बाई. मना जीव ऱ्हात नही."

कामिनी कठड्याला टेकली. खाली भुसावळ रस्त्यावरून केळीचे ट्रक चालले होते. राग उतरला होता आणि त्याच्या जागी नेहमीचा थकवा येऊन बसला होता. चूक करणारा माणूस दुष्ट असला की किती सोपं होतं. इथे तर या बाईनं मायेपोटी म्हातारीच्या अंगाला खड्डा पाडला होता.

मग तिला एकदम सुचलं, आणि इतकं सोपं होतं की तिला हसूच आलं. खोलीतल्या चारही खाटांची डोकी दक्षिणेच्या भिंतीला होती. डाव्या कुशीवर वळलं की तोंड पश्चिमेला. पण खाटेला चाकं आहेत. खाटच उलटी फिरवली, डोकं उत्तरेला केलं, तर उजव्या कुशीवर वळूनही तोंड पश्चिमेलाच! जखमेवर भार नाही आणि ताजबीची पाठही फिरत नाही.

"मंदाबाई, मग तुम्ही खाट का नाही फिरवली?"

मंदाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू कामिनीनं म्हातारीच्या तोंडात माती घालायला सांगितली. "जित्ता मानुसनं डोकं उत्तरले? ताई, तुम्ही शिकेल बाई, असं कसं बोलतस?"

कामिनीच्या स्वतःच्या घरी उत्तरेकडे डोकं करून कुणी झोपत नव्हतं. माणूस गेला की त्याला तसं निजवतात, जिवंतपणी नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, खाटेवर अंग टाकतानाच कळतं. मंदाबाईला खाट फिरवायचं सुचलंच नसेल असं नाही. सुचलं असेल, आणि तिनं ते झटकून टाकलं असेल. म्हणजे ताजबी आपल्या श्रद्धेपायी वळत नव्हती आणि मंदाबाई आपल्या श्रद्धेपायी खाट वळवत नव्हती, आणि दोघींच्या मध्ये तो खुबा सडत होता. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

"तिच्या धर्मात उत्तर वाईट नाही," कामिनी म्हणाली. "तिला विचारून बघू."

ताजबीला विचारलं तर ती लहान मुलीसारखी खुश झाली. "अरे, फिर तो बहुत अच्छा! हमारे में तो सर उधर ही रखते हैं." हे ऐकून मंदाबाईचा चेहरा आणखी उतरला, पण खाटेच्या ब्रेकवर तिनं पाय ठेवला. "तुम्ही सांगतस म्हनीसन करस. पाप तुमना माथे," ती म्हणाली आणि डोळे मिटून खाट ढकलली. भिंतीला धडकली. मग डोळे उघडावे लागले.

हितेंद्र सरांनी, म्हणजे केंद्राच्या मालक डॉक्टरांनी, फोनवर पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच. चूक कुणाची? मंदाबाईला काढायचं का? कामिनी म्हणाली, "चूक खाटेची होती, सर. दुरुस्त केली." सरांना ते कळलं नाही, पण दुरुस्त केली हे कळलं आणि तेवढं त्यांना पुरत असे.

आठवडा नीट गेला असता. पण ताजबीच्या शेजारच्या खाटेवर अक्का होती.

अक्का रावेरकडची, केळीच्या बागायतदार घरातली. मेंदूत गाठ झाली होती, बोलणं गेलं होतं, फक्त डोळे फिरायचे. तिची सून लताबाई जळगावात भाड्यानं खोली घेऊन राहिली होती आणि रोज दुपारी डबा घेऊन यायची. मऊ भात, वरण, कधी कुस्करलेलं केळं. एकेक घास भरवत ती अक्काशी अखंड बोलायची. कोणत्या बागेत घड निसवले, कुणाच्या पोरीचं जमलं, म्हैस कुणाकडे गेली. अक्काकडून हूं की चूं नाही, पण लताबाईचं चालूच. हे सगळं कामिनीला मंदाबाईकडून माहीत. ती स्वतः लताबाईशी कधी दोन शब्द बोलली नव्हती. तिच्या दृष्टीनं लताबाई म्हणजे 'नातेवाईक, सहकार्य चांगले', एवढंच.

तर त्याच दिवशी दुपारी लताबाई डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. शेजारच्या खाटेचं डोकं उत्तरेला. तिच्या सासूच्या इतक्या जवळ, हात लांबवला तर लागेल अशा अंतरावर, एक बाई मढं निजवावं तशी निजवलेली. लताबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं डबा ठेवला आणि बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला. बन्सीलालभाऊंनी हितेंद्र सरांना फोन लावला. संध्याकाळी सरांनी कामिनीला फोन लावला.

"सिस्टर, त्यांची आई चार महिने आपल्याकडे आहे. ते म्हणतात, हा अपशकुन आहे, आम्ही हलवतो. तुम्ही ती खाट सरळ करा."

"सरळ केली तर जखम भरणार नाही."

"मग दुसरीकडे ठेवा. मागची खोली आहे ना, जिथे चादरी ठेवतो. तिथे हवी तशी फिरवा खाट. कुणी बघणार नाही."

कामिनी तेव्हा धुळ्याच्या स्टँडवर उतरत होती. गुडघा दुखत होता. भांडायचं तर उद्या परत जावं लागणार, बन्सीलालभाऊंना समजवावं लागणार. आणि समजवणार तरी काय? एका पेशंटची गोष्ट दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना सांगायची नाही, हा नियम तर तिनंच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलेला. शिवाय मागची खोली काही वाईट नव्हती. खिडकी होती, पंखा होता, आणि खिडकी पश्चिमेलाच होती.

"ठीक आहे," ती म्हणाली.

जखम भरू लागली. काळपट कडा गेल्या, तळाला लालसर मांस आलं, खड्डा उथळ झाला. कामिनी दर खेपेला पट्टी धरून मोजायची आणि तिला बरं वाटायचं. कितीतरी दिवसांनी आपल्या कामाचं काहीतरी डोळ्यांना दिसत होतं. हितेंद्र सर म्हणाले, वेल डन. धुळ्याच्या पोरींना तिनं हे उदाहरण म्हणून शिकवलंसुद्धा. पेशंटचं मन राखा आणि जखमही भरा, दोन्ही जमतं. पोरींनी माना डोलावल्या. त्या कशालाही डोलावतात.

मग एक दिवस मंदाबाईनं तिला जिन्यात गाठलं. "ताई, ती खात नही. बठ्ठं तसंच ऱ्हास ताटमा. हारुनभाऊ भेटाले उना व्हता, त्यानाशीबी बोलनी नही."

कामिनी मागच्या खोलीत गेली. दोन भिंतींना चादरींच्या थप्प्या, मध्ये खाट, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेच्या खिडकीकडे. सगळं बरोबर. फक्त ताजबी निम्मी झाली होती. गालाची हाडं वर आली होती. टेबलावर वरणभात सुकून गेला होता.

कामिनी स्टुलावर बसली आणि सवयीनं विचारलं, "खात का नाही?"

"भूक नहीं."

"का नाही?"

ताजबी खिडकीकडे पाहतच म्हणाली, "बेटी, मुंह किधर भी फेर दे मेरा. पर लोगों में ले चल."

कामिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तिथे खाट सरळ ठेवावी लागेल, उजव्या कुशीवर वळलं की पाठ होईल पश्चिमेला. तुम्हाला चालेल?"

"नहीं चलेगा." ताजबीचे डोळे भरून आले. "पर इधर तो कोई खाँसता भी नहीं. वहाँ वो बाई आती थी, सास को खिलाती थी, कितना बोलती थी. कौन सी भैंस, किस की शादी. मैं उधर मुंह करके सब सुनती थी. उस के साथ मेरा भी खाना हो जाता था." तिनं पदरानं डोळे पुसले. "अल्लाह से मैं माफी मांग लूंगी. वो सुन लेगा. ये चादरां किस से बात करेंगी?"

ही बाई, जी पाठ फिरू नये म्हणून हाडापर्यंत सडायला तयार होती, ती आज स्वतःहून पाठ फिरवायला तयार झाली होती. तिला तिथवर आणलं होतं कामिनीनं. जखम भरवून, मोजून, शाबासकी घेऊन. तिला स्वतःची किळस आली. आणि इतकी दमली होती की त्या किळसेचंही ओझं वाटलं.

तिनं ब्रेक सोडला. मंदाबाई दुसऱ्या टोकाला आली. दोघींनी खाट ढकलत मोठ्या खोलीत नेली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या जागी लावली. डोकं दक्षिणेला, बाकीच्यांसारखं. डावा खुबा अजून नाजूक होता, म्हणून मंदाबाईनं तिला उजव्या कुशीवर वळवलं आणि पाठीमागे उशी लावली. खिडकी पाठीशी गेली.

दुपारची वेळ. लताबाई अक्काला भरवत होती. ताजबीची खाट आली तेव्हा तिनं आधी डोक्याची दिशा पाहिली, मग निश्चिंत होऊन पुन्हा वाटीत चमचा घातला. पण आता ताजबीचं तोंड तिच्याकडे होतं. इतके दिवस शेजारी असून लताबाईनं या बाईची फक्त पाठ पाहिली होती. आज पहिल्यांदा चेहरा दिसला, आणि तो चेहरा रडत होता. आवाज नाही, फक्त पाणी वाहत होतं, उशीवर.

लताबाईचा चमचा थांबला. "यायले दुखतं का काही?" तिनं मंदाबाईला विचारलं.

मंदाबाईनं कामिनीकडे पाहिलं. नियम. कामिनीनं ताजबीकडे पाहिलं. ताजबीनं हात हलवला, सांग, सांग, त्यात काय लपवायचं.

मग कामिनीनं सांगितलं. तोंड पश्चिमेला का हवं, डाव्या खुब्याला काय झालं, खाट उलटी का केली होती, मागची खोली, न खाल्लेला भात. उभ्यानंच सांगितलं, चार-सहा वाक्यांत. तेवढीच लागली.

लताबाई ऐकत होती. तिच्या हातातली वाटी तशीच. अक्काचं तोंड उघडंच राहिलं होतं घासासाठी.

"मंग मले आधी कामून नाही सांगितलं?" लताबाई म्हणाली. रागावून नाही, खरंच न कळून. "मले वाटलं, या गेल्या, नाहीतर जाणार आहेत, म्हनून तुम्ही तसं निजवलं. आमची अक्का सारं पाह्यते, तिले बोलता येत नाही एवढंच. ती भिली असती, सिस्टर. म्हनून मी म्हटलं." ती उठली आणि वाटी टेबलावर ठेवली. "तुम्ही मधात पडदा ओढला असता तं झालं असतं. इतक्या वेळा येता तुम्ही अढी, या खोलीत. मले एकदा विचारलं असतं."

सव्वीस वर्षं कामिनी सगळ्यांना का, का विचारत हिंडली होती. मंदाबाईला विचारलं, ताजबीला विचारलं, आयाबायांना, डॉक्टरांना. या बाईला तिनं का विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. एक साधा पडदा. छताला त्याची पट्टी होती, कड्या होत्या, सगळं जागच्या जागी होतं. आणि त्यापायी एक म्हातारी चादरींच्या थप्प्यांशी गप्प पडून राहिली. तिला खूप लाज वाटली, आणि ती लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"जाऊ द्या. धरा तिकून," लताबाई म्हणाली. तिनं पदर खोचला आणि खाटेचं पायथ्याचं टोक धरलं. मंदाबाईनं या खेपेला डोळे मिटले नाहीत. तिघींनी मिळून खाट फिरवली, डोकं उत्तरेला. ताजबीचं तोंड पुन्हा खिडकीकडे झालं, आणि तिनं असा लांब श्वास सोडला की मंदाबाई दचकून वाकली, बघायला.

लताबाईनं दोन्ही खाटांच्या मधला पडदा ओढला. कड्या खडखडल्या. अक्काच्या बाजूनं आता फक्त हिरवं कापड दिसत होतं.

"बाई," पलीकडून ताजबीचा आवाज आला, "पूरा मत खींच. आवाज आने दे."

लताबाईनं पडदा एका टोकाला थोडा मागे सारला. मग ती परत येऊन बसली, वाटी उचलली, गार झालेला घास अक्काच्या ओठांशी नेला. आणि म्हैस शेवटी कुणी घेतली ते सांगायला लागली, नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात.